पाचव्या दिवसाची निवड

वंध्यत्वोपचारात गर्भाशयात सोडण्यासाठी भ्रूण निवडले जाते ते त्याची प्रत पाहून, लिंग पाहून नव्हे. तरीही जन्मलेल्या बाळांची मोजदाद केली की पारडे एका बाजूला झुकलेले दिसते. निसर्गतः 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात, म्हणजे मुलग्यांचे प्रमाण 51 टक्क्यांच्या आसपास असते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 2002 ते 2006 या काळात एकेकच भ्रूण सोडून झालेल्या जन्मांचा अभ्यास झाला. साध्या आयव्हीएफनंतर (शरीराबाहेरील फलनानंतर) ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवसांचे भ्रूण, सोडले तेव्हा हे प्रमाण 56.1 टक्के निघाले. इक्सी करून, म्हणजे एकच शुक्राणू बीजांडात टोचून, दोन-तीन दिवसांचे भ्रूण सोडले तेव्हा ते 48.7 टक्क्यांवर आले.



फलनानंतर पाचव्या दिवशी सकाळी भ्रूणांची डिश सूक्ष्मदर्शकाखाली येते. ब्लास्टोसिस्ट किती फुगले आहे याला 1 ते 6 आकडा, आतल्या पेशीपुंजाला एक अक्षर आणि बाहेरच्या आवरणाला दुसरे. ‘4एए’सारखी वरची प्रत असलेले आधी सोडले जाते. काही तास मागे असलेले गोठवले जाते किंवा सहाव्या दिवसाची वाट पाहते. पुरुष भ्रूणांची वाढ सरासरीने थोडी वेगाने होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे वेगाला गुण देणारी पद्धत नकळत मुलग्यांना झुकते माप देऊ शकते. भ्रूण ज्यात वाढवतात त्या द्रवाचाही वाटा असू शकतो. 2016 मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले, की प्रयोगशाळेत वाढलेल्या मादी भ्रूणांत एक एक्स गुणसूत्र नीट निष्क्रिय होत नाही आणि ती मागे पडतात. द्रवात रेटिनॉइक आम्ल घातल्यावर नर-मादी प्रमाण सावरले. माणसात ही निष्क्रियता त्याच रीतीने होत नाही, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलणे घाईचे ठरेल.

प्रतवारी म्हणजे लिंगनिवड नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगायला हवे. पण 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली असलेल्या महाराष्ट्रात हा कल किरकोळ मानता येणार नाही. गर्भलिंगनिदानावर पहिला कायदा 1988 मध्ये याच राज्याने केला. 1994 मध्ये देशपातळीवर कायदा झाला. पुढे मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि 2003 मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. भ्रूणाची जनुकीय तपासणी गंभीर दोषांसाठी करता येते. तिच्यातून कळलेले लिंग दांपत्याला सांगता येत नाही.

उपचार केंद्रांच्या हाती असलेले काम साधे आहे. सोडलेल्या भ्रूणाची प्रत, दिवस, इक्सी की साधे आयव्हीएफ आणि जन्मलेल्या बाळाचे लिंग यांची एकत्र नोंद ठेवावी. सहाव्या दिवशी तयार होणाऱ्या भ्रूणांपासूनही निरोगी बाळे जन्मतात. केवळ उशीर झाला म्हणून अशी भ्रूणे टाकून देऊ नयेत.