प्रत कुठे ठेवली आहे?



संग्रहालयांच्या अधिवेशनात अध्यक्षाने वारशाच्या थोरवीवर बोलावं, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. मला आगीबद्दल बोलायचं आहे.

1844 मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलं गेलं. अनेक वर्षं तिथे मुक्काम ठोकून त्याने भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रं उतरवली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि 1866 च्या आगीत जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली, तीही तिथे मांडलेली नव्हती म्हणून. मग 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्याच कामाला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्या प्रतीही लंडनलाच गेल्या आणि 1885 मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या अनेक नष्ट झाल्या. त्यात भर म्हणजे, रंग नीट दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर फासलेलं व्हार्निश पुढे चित्रांच्याच मुळावर आलं. म्हणजे प्रती जळाल्या आणि त्यांच्यापायी मूळही बिघडलं. ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये छापलेले खंड मात्र ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोहोचले. ते आजही अभ्यासकाच्या हाताशी आहेत.

हा जुना काळ झाला, असं कुणी म्हणेल. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओ दि जानेरोमध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय पेटलं. 1818 साली स्थापन झालेली संस्था, पूर्वीच्या राजवाड्यात थाटलेली, जवळपास दोन कोटी वस्तूंची. आग लागली वातानुकूलन यंत्रातून. बंब आले, पण जवळच्या हायड्रंटना पाणी नव्हतं. दुरुस्ती आणि अग्निसुरक्षेसाठी निधीचा करार त्याच जूनमध्ये झाला होता. पैसे यायचे होते. बैल गेला आणि झोपा केला, एवढंही म्हणता येत नाही, कारण झोपा अजून कागदावरच होता.

प्रवेशद्वाराजवळची पाच टनांहून जड बेंदेगो उल्का राखेत जशीच्या तशी उभी होती. लुझिया नावाने ओळखली जाणारी, अकरा हजार वर्षांहून जुनी कवटी तुकड्यातुकड्यांनी हाती लागली. आदिवासी भाषांच्या ज्या नोंदी गेल्या, त्यांची मात्र राख चाळून उपयोग नव्हता. शेवटी संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जनतेला साकडं घातलं: तुमच्याकडे तिथले फोटो असतील तर पाठवा, सेल्फीसुद्धा चालतील. दोनशे वर्षांच्या संस्थेवर पर्यटकांच्या सेल्फी गोळा करण्याची पाळी यावी! विद्यार्थ्यांचं मला कौतुकच वाटतं. शरम वाटते ती आपल्या व्यवसायाची.

आता आपल्या घरात डोकावू. दाखल-नोंदवही हा संग्रहालयाचा सातबारा. ती आपल्याकडे बहुधा वस्तूंच्याच इमारतीत, लाकडी कपाटात असते. वस्तू जळली तर तिच्यासोबत तिची ओळखही जळणार. नवं दालन उघडायला मंत्री येतात, फीत कापली जाते. नोंदवही स्कॅन करायला कुणी फीत कापत नाही, म्हणून ते काम मागे पडतं. माझ्या मते नव्या दालनाआधी त्याला पैसा मिळाला पाहिजे.

तेव्हा ठरावांच्या यादीत माझी एक सूचना घ्या. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक संस्थेने दोनच गोष्टी लिहून आणाव्यात: नोंदवहीची दुसरी प्रत कोणत्या गावी ठेवली आहे, आणि आवारातल्या हायड्रंटला पाणी आहे का, हे शेवटचं कधी तपासलं.