आमच्यावर पक्षादेश कोणी काढला?



मतदाराने निःपक्षपाती असावे, असे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. आम्ही तसे नाही. मताचा अधिकार मिळाल्यापासून आम्ही एकाच पक्षाला मत देत आलो आणि त्याची आम्हांला लाज वाटत नाही. पक्ष कोणता, ते मात्र सांगणार नाही. सांगितले तर निम्मी सभा ऐकायची थांबेल आणि उरलेली निम्मी विचार करायची थांबेल. इतकेच सांगतो, की आमचा पक्ष फुटला. कळव्यात एवढ्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

कारण २०२४ साली आपल्या गावाने एक विलक्षण गोष्ट पाहिली. लोकसभेला कळवा कल्याण मतदारसंघात मोडतो. २० मे रोजी तेथे डॉ. श्रीकांत शिंदे यांचा धनुष्यबाण आणि वैशाली दरेकर-राणे यांची मशाल समोरासमोर आली. दोन्ही चिन्हांमागे १९६६ साली जन्मलेली एकच शिवसेना. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेला मुंब्रा-कळव्यात जितेंद्र आव्हाड यांची तुतारी आणि नजीब मुल्ला यांचे घड्याळ यांची गाठ पडली. दोन्हींमागे १९९९ साली निघालेली एकच राष्ट्रवादी. लोकसभेला शिंदे निवडून आले, विधानसभेला आव्हाड. निकाल लागले, पताका उतरल्या. पण ज्या घरांत आणि ज्या मित्रमंडळींत भिंती उभ्या राहिल्या, त्या काही मतमोजणीबरोबर उतरल्या नाहीत.

आमचेच उदाहरण घ्या. आमचे एक स्नेही आहेत. वीस वर्षे आम्ही कळव्याहून एकाच धीम्या गाडीने, एकाच डब्यात उभे राहून नोकरीला गेलो. पक्षही एकच. पोस्टर लावायला आम्ही शिडी धरायची आणि खळ त्यांनी लावायची, अशी वाटणी होती. पक्ष फुटला तेव्हा ते एकीकडे गेले, आम्ही दुसरीकडे. आम्ही त्यांना गद्दार म्हटले. त्यांनी आम्हांला आंधळे म्हटले. दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या डब्यात चढू लागले.

असा प्रसंग देशावर पूर्वीही आला होता आणि तो राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतून आला होता. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांच्या अर्जावर स्वतः सही केली आणि पुढे आपल्याच पक्षाच्या खासदार-आमदारांना सदसद्विवेकाप्रमाणे मत देण्याची मोकळीक मागितली. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. त्यांना स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा पाठिंबा होता. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने निवडून आले. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली आणि १९७१ साली वर्षानुवर्षे बैलजोडीवर शिक्का मारणाऱ्या मतदारापुढे इंदिराबाई गाय-वासरू घेऊन आल्या. आमचा पक्ष कोणता, हा प्रश्न तेव्हाही घरोघर विचारला गेला असेल.

त्या निवडणुकीकडे पाहताना आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की सदसद्विवेक हा शब्दही बघता बघता एका गटाची घोषणा झाला. ज्याने आमच्या बाजूने मत दिले त्याला विवेक आहे, ज्याने दिले नाही त्याला नाही! विवेकाची ही थट्टा आहे. विवेक आपल्या बाजूविरुद्ध बोलतो तेव्हाच त्याची परीक्षा होते. चिंतामणरावांनी ती परीक्षा आधीच दिली होती. १९५२ साली ते कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले होते, देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्वतःच्या सरकारला तोंडावर नाही म्हणणे, यालाच आम्ही विवेक समजतो. १९६९ साली ते तिसरे आले, पण १९५६ चा त्यांचा नकार कोणत्याही मतमोजणीने लहान होत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. सभागृहात आमदार-खासदारावर पक्ष आदेश काढतो, ज्याला व्हिप म्हणतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तो मोडणाऱ्याचे सभासदत्वही जाऊ शकते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र मत गुप्त असते आणि पक्षाला आदेश काढता येत नाही. म्हणूनच २००७ साली भारतीय जनता पक्षाशी युती असूनही शिवसेना प्रतिभाताई पाटील यांच्या बाजूने उभी राहू शकली.

आता विचार करा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदारालाही जेथे आदेश नाही, तेथे तुमच्या-आमच्यावर तो कधी होता? साध्या मतदारावर कोणताही पक्ष, कोणत्याही निवडणुकीत व्हिप काढू शकत नाही. तरीही आम्ही तो पाळतो. सकाळी वर्तमानपत्र उघडण्यापूर्वीच काय पटवून घ्यायचे आणि काय खोटे मानायचे, हे आमचे ठरलेले असते. हा आदेश पक्षाने काढलेला नाही. तो आम्हीच स्वतःवर काढला आहे.

त्याने माणूस कोठवर जातो, ते सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ते कोण होते, कोणत्या गावांहून आले होते, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. आमच्या मनात आलेला पहिला प्रश्न असा होता, की याचा ठपका कोणावर बसणार? आमच्यावर की त्यांच्यावर? त्या संध्याकाळी स्टेशनबाहेर आमची स्नेह्यांशी गाठ पडली आणि बरोबर याच मुद्द्यावर आम्ही अर्धा तास भांडलो. दोघांपैकी एकानेही मेलेल्या माणसांबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर मंडळींनी विचारले, "त्यात आपल्या ओळखीचे कोणी नव्हते ना?" तेव्हा कोठे आम्हांला आठवले, की ती माणसे होती.

आम्ही पक्ष सोडा असे म्हणत नाही. पक्षाविना लोकशाही चालत नाही; एकट्याच्या सद्भावनेने नळाला पाणी येत नाही आणि गाड्याही वाढत नाहीत. त्यासाठी संघटना लागते आणि संघटनेला निष्ठा लागते. आमचे म्हणणे एवढेच, की निष्ठावंताने प्रश्न विचारायचे काम विरोधकांवर सोपवू नये. विरोधकाचा प्रश्न पुढाऱ्याला झटकून टाकता येतो. शिडी धरणाऱ्याचा प्रश्न झटकता येत नाही, कारण शिडी त्याच्या हातात असते.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. समोरच्या पक्षावर एक आरोप करण्यापूर्वी तोच प्रश्न आपल्या पक्षाच्या शाखेत जाऊन विचारायचा. या नियमाने आमचे आरोप बरेच कमी झाले आहेत आणि शाखेत आमचे स्वागतही कमी झाले आहे. पण मत अजून आमचेच आहे, ही खात्री मात्र परत आली आहे.

जाता जाता एक सांगतो. महिन्यापूर्वी गर्दीत आमचा डबा चुकला आणि आम्ही पुढच्या डब्यात शिरलो. स्नेही दारापाशीच होते. त्यांनी काही न बोलता पिशवी बाजूला घेतली आणि आम्हांला उभे राहण्यापुरती जागा करून दिली. ठाणे येईपर्यंत दोघेही गप्प होतो. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्या शाखेत तुम्ही प्रश्न विचारता म्हणे?" आम्ही म्हटले, "हो. तुमच्या शाखेत कोण विचारतो?"

ते मुलुंडपर्यंत बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते आमच्या डब्यात चढले.