शंकरपटाच्या गाडीचा तोल

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगावच्या काळ्या रानांतून हळदीचीं पोतीं भरलेली बैलगाडी निघाली, कीं शहरांतल्या माणसाची नजर बैलांवर जाते. गाडीवान मात्र जुवाकडे पाहतो. जूं मानेवर जड बसलें तर गाडी ‘धुरजड’ झाली. तें वर उचलूं लागलें तर ‘उलाळ’ झाली. आंसाच्या पुढें वजन जास्त कीं मागें, एवढाच प्रश्न. पण त्याचा हिशेब बैलाला द्यावा लागतो. धुरजड गाडीनें खांदेसूज येते, आणि उलाळ गाडींत गळ्याखालचें जोतें आवळून श्वास कोंडतो. चढावर भार आपोआप मागें कलतो, उतारावर पुढें येतो. म्हणून जाणता गाडीवान पोतीं रचण्याआधीं वाट आठवतो.

विदर्भांत व त्याच्या लगतच्या मराठवाड्यांत ज्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, तींत हाच प्रश्न क्षणांत सोडवावा लागतो. गाडी हलकी, माल नाहीं. हांकणारा धुरकरी हेंच काय तें ओझें. तो वीतभर मागेंपुढें सरला तरी जुवाचा भार बदलतो. शिवाय या गाडीला कमानी नसतात. वाळलेलें ढेकूळ चाकाखालीं आलें, कीं धक्का आंसांतून, दांडीवाटे, थेट मानेपर्यंत पोंचतो. गाडी किंचित धुरजड असली तर जूं जागीं राहतें. अगदीं हलकी असली तर तें उसळून आदळतें.

अमेरिकेंत मातीच्या गोल मार्गावर मोटारींच्या शर्यती होतात. पूर्वी त्यांतल्या पुष्कळशा जत्रांतील घोडदौडीच्या मैदानांवरच होत. मोटारी सतत डावीकडे वळतात, आणि भार उजव्या चाकांवर कलंडतो. मागच्या कमानी ताठ असल्या तर वळणावर मोटारीची मागची बाजू घसरूं लागते. मऊ असल्या तर चाकें मातीला धरून राहतात. माती ओली व चिकट असतां ताठ कमान चालते. तीच माती सुकून गुळगुळीत झाली, कीं कमान मऊ करावी लागते. एकाच संध्याकाळीं मार्गाचें रूप पालटतें, तेव्हां कारागीर आधीं माती पाहतो, मग पाना हातीं घेतो. सेनगावचा गाडीवान यांत नवीन कांहीं मानणार नाहीं.

एक फरक मात्र मोठा आहे: कमानीला दुखत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांत त्यांस अटींवर वाट मोकळी केली, आणि 18 मे 2023 रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. जनावराला यातना होऊं नयेत, हें त्या अटींचें मर्म आहे. चाबूक व पराणी पंचांना दुरून दिसते. तोल बिघडल्याची इजा तशी दिसत नाहीं. ती पाहण्यास पट संपल्यावर, जूं उतरल्यानंतर, बैलाच्या मानेवरून हात फिरवावा लागतो. कातडी गरम लागली, किंवा हात लागतांच बैलानें अंग चोरलें, तर त्या जोडीची दुसरी फेरी रद्द करून गाडी आधीं सुताराकडे न्यावी.