पगार पलीकडे, घर अलीकडे

सकाळी लवकर बांद्याच्या नाक्यावर नाहीतर दोडामार्गच्या बाजारपेठेत उभं राहिलं, की पत्रादेवीकडे, डिचोलीकडे, कोलवाळ-थिवीकडे जाणाऱ्या गाड्या भरताना दिसतात. त्यात आपल्या कितीतरी बायका असतात. कुणी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, कुणी हॉटेलात, कुणी मोपाच्या विमानतळावर साफसफाईला. घर सिंधुदुर्गात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, मतदान इथलं, आणि पगार गोव्यातला. आज या बायकांच्या पगारातून काय कापलं जातं आणि त्याचं पुढे काय होतं, हे बोलायचं आहे. कारण आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असतो: "पैसे गोव्यात कापतत, मगे हयसर माका काय मिळतला?"

आधी कराचं बोलू, कारण ते लवकर संपतं. व्यवसाय कर हा राज्याचा कर. तो तुमच्या घरावरून ठरत नाही, काम कुठे करता यावरून ठरतो. गोव्यात हा करच नाही. महाराष्ट्रात आहे, पण महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला १ एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. म्हणजे गोव्यातल्या कारखान्यात पंधरा-सोळा हजारांवर काम करणाऱ्या बाईच्या पगारचिठ्ठीत व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले दिसले, तर ते कशाचे हे विचारायला हवं. आयकर केंद्र सरकारचा, त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडला म्हणून त्यात काही बदलत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. आपल्यातल्या बहुतेकींचा प्रश्न तिथेच मिटतो.

पण एक गोष्ट बघा. काही ठेकेदार पगारातून एक टक्का आयकर म्हणून कापतात आणि पगारचिठ्ठी देत नाहीत. याचा अर्थ बहुधा असा, की त्यांनी तुम्हाला कागदावर कामगार दाखवलेलंच नाही, छोटी कंत्राटदार दाखवलंय. तो एक टक्का पॅनकार्डावर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. मात्र कामगार म्हणून नोंदच नसेल तर विमा नाही आणि पीएफही नाही, आणि ते नुकसान विवरणपत्र भरून भरून निघत नाही.

आता विम्याकडे येऊ. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. या नावातल्या "राज्य" शब्दाने फार घोटाळा केलेला आहे. बायकांना वाटतं, हा गोवा राज्याचा विमा. तसं नाही. हा १९४८ चा केंद्राचा कायदा, आणि इथे "राज्य" म्हणजे नुसतं "सरकारी". दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, हॉटेलात, दुकानात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो. तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक वरून सव्वातीन टक्के घालतो. १४,००० पगार धरा: तुमचे १०५ रुपये, मालकाचे ४५५. एवढ्यात तुम्हाला आणि घरच्या अवलंबून असलेल्या माणसांना औषधपाणी मिळतं. नोकरीला लागताना जो फॉर्म भरून घेतात, त्यात घरची माणसं कुठे राहतात ते विचारलेलं असतं आणि दवाखानाही निवडायचा असतो. इथे गडबड होते. सुपरवायझर घाईघाईत सगळ्यांच्या फॉर्मवर कारखान्याचा किंवा म्हापशाच्या खोलीचा पत्ता लिहून टाकतो. मग घरी सासू आजारी पडली की कळतं, कार्डावर तिचं नावच नाही, नाहीतर तिचा दवाखाना गोव्यात कुठेतरी आहे. आपला खरा पत्ता घाला, गाव, तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग असा. घरापासून सोयीचा पडणारा कोणता दवाखाना योजनेला जोडलेला आहे ते विचारा आणि तो मागा. आधी चुकीचं लिहिलं गेलं असेल तर बदलता येतं.

आणि आता ते, ज्यासाठी मी खरं म्हणजे आज बोलायला बसले. रस्ता. आपण रोज दीड-दोन तास रस्त्यावर असतो. इन्सुलीचा घाट, पावसाळ्यातलं धुकं, दुसऱ्या पाळीनंतर रात्री परतणारी गाडी. कामावर यंत्रात बोट सापडलं तर भरपाई मिळते, हे बायकांना माहीत आहे. पण घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही कामावरचाच अपघात मानला जातो, हे फार थोड्या जणींना ठाऊक आहे. २०१० साली ईएसआय कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. कंपनीच्या गाडीत असलात तर प्रश्नच नाही, पण एसटीत, कदंबात, नवऱ्याच्या स्कूटरवर असलात तरीही ती लागू होते. अट एवढीच, की अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा तुमच्या कामाशी संबंध दिसला पाहिजे. पाळी सुटली तीनला आणि अपघात साडेतीनला बांद्याच्या वाटेवर, तर संबंध उघड आहे. पाळी सुटल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात, मावशीकडे जेवलात आणि रात्री नऊला स्कूटरवरून पडलात, तर तो संबंध दाखवणं अवघड जाईल.

यासाठी आधी अमुक महिने पैसे भरलेले असावेत, अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. जायबंदी होऊन काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतनासारखी दरमहा रक्कम. आणि बाई गेलीच, तर तिच्यावर अवलंबून असलेल्यांना दरमहा रक्कम मिळते.

अपघात महाराष्ट्राच्या हद्दीत झाला, कारखाना गोव्यात, आणि जखमीला नेलं बांबोळीला. अशा वेळी जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोलीस म्हणतात पंचनामा आमच्याकडे, ठेकेदार म्हणतो मग आमचा काय संबंध. संबंध आहे, कारण कायदा केंद्राचा आहे आणि दावा ईएसआयच्या शाखा कार्यालयात जातो. हद्दीमुळे तो बाद होत नाही. घरच्यांनी करायचं ते हे: त्याच दिवशी कंपनीला कळवा, आणि नुसता फोन करू नका, मोबाईलवर लेखी संदेशही पाठवा, म्हणजे तारीख-वेळ राहते. कंपनीने अपघाताचा अहवाल पाठवलाच पाहिजे. पंचनाम्यात आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "कामावरून येताना" हे शब्द आणि वेळ आली पाहिजे. गडबडीत "रस्ता अपघात" एवढंच लिहिलं जातं आणि पुढे ते शब्द शोधत बसावं लागतं. हजेरीची नोंद, गेटपास, बसचं तिकीट, सगळं एका पिशवीत. जीवावर बेतलं म्हणून जवळच्या खासगी रुग्णालयात न्यावं लागलं तर बिलं जपा, परतावा मागता येतो.

आमच्या ठेकेदाराने पैसे कापले पण भरलेच नाहीत, असंही काही जणी सांगतात. ठेकेदाराने भरले नाहीत तर जिथे प्रत्यक्ष काम करता ती मूळ कंपनी जबाबदार असते. म्हणून गेटपास टाकून देऊ नका. आणि पैसे भरले जातात की नाही हे उमंग अॅपवर बघता येतं. घरातल्या शाळकरी पोरीला सांगा, पाच मिनिटांत काढून दाखवील.

बाळंतपणासाठी २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो, त्याआधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली तर. पैसे बँकेत येतात, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी कुडाळला गेलात की कोल्हापूरला, याने हक्क जात नाही.

पीएफचं गणित आपल्याकडे ठेकेदार बिघडवतात. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे पीएफ लागतो. पीएफसाठी धरायचा पगार १२,००० असेल तर १,४४० तुमचे आणि १,४४० मालकाचे. मालकाच्या भागातले सुमारे १,००० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. हे पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. ती एकाच मालकाकडे, एकाच राज्यात झाली पाहिजे असं नाही. कुडाळच्या एमआयडीसीतली तीन वर्षं आणि गोव्यातली सात वर्षं मिळून दहा होतात. पण ठेकेदार बदलला की नवा माणूस नवीन नंबर काढतो, आणि आपल्या बायका जुन्यातले पैसे पेन्शनसकट काढून घेतात. गणपती असतात, घराला पत्रे घालायचे असतात, मी दोष देत नाही. पण पेन्शनचा भाग काढला की ती वर्षं गेली, पुढची मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून बारा आकडी यूएएन एकदा मिळाला की प्रत्येक नव्या ठेकेदाराला तोच द्या. पीएफचा भाग गरजेला काढलात तरी पेन्शनचा राहू द्या. शिवाय पीएफमध्ये असलेली बाई नोकरीत असताना गेली तर वारसांना ७ लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळते, तिच्याकडून वेगळा पैसा न घेता. त्यासाठी वारसाचं नाव लावलेलं असलं तर बरं. लग्नाआधी नोकरीला लागलेल्यांनी ते बघाच, लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर चालत नाही.

पीएफ लागला की लाडकी बहीणचे १,५०० बंद होतील, या भीतीने काही जणी ठेकेदाराला स्वतःच सांगतात, माझं नाव घालू नको. त्या योजनेत बघतात ते कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का आणि घरात कुणी आयकर भरतं का, हे. पीएफ कापला जातो म्हणून नाव जात नाही. उत्पन्न वर गेलं असेल तर पीएफ नसला तरी जाईल.

पेडणे-म्हापशाकडे लोकांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाकाला जाणाऱ्यांना यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. त्यांनी ई-श्रमची नोंद करावी, आणि बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा घ्यावा. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप जातो, तेव्हा खात्यात तेवढे वीस रुपये असू द्यावेत.