लावणीचा दिवस किती तासांचा?



अध्यक्षीय भाषणात सगळ्या विषयांना थोडा थोडा हात लावावा अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आशाताईंना तो तोंडपाठ आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म त्या भरतात, त्यात विचारलेलं असतं : आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? उत्तर 'हो' असेल तर शून्य गुण, 'नाही' असेल तर एक. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातला मधुमेह असे सगळे गुण मिळून बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. तेव्हा हा एक गुण वाटतो तितका किरकोळ नाही.

आता किनाऱ्यावरच्या एखाद्या मासळी विकणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारा. "व्यायाम करूक माका येळ खय आसा गे?" हे उत्तर ठरलेलं. पहाटे लिलावाला उभी राहून, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरून आलेली ही बाई कागदावर निष्क्रिय ठरते. संध्याकाळी पुळणीवर फेरी मारणारे निवृत्त गृहस्थ मात्र छातीठोकपणे 'हो' म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. ठरवून केलेला व्यायाम घड्याळासकट लक्षात राहतो. कामात मिसळलेली मेहनत कुणी मोजून ठेवत नाही.

यातून कष्टकरी नेहमी कमीच सांगतो असा निष्कर्ष काढू नका. रापणीवरच्या माणसाला विचारलंत तर तो सांगेल, सकाळपासून दुपारपर्यंत रापण ओढली. त्यातला प्रत्यक्ष दोर ओढण्याचा वेळ किती, होडी जाळं टाकून येईपर्यंत वाळूत बसण्याचा किती? तो सगळं एकत्र सांगतो, आपण सगळं एकत्र लिहितो. शहाणीसुरती माणसंही फुगवून सांगतात. इंग्लंडमध्ये २००८ च्या आरोग्य पाहणीत ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत असल्याचं त्यांच्या उत्तरांवरून दिसलं. त्याच पाहणीत काहींच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, तेव्हा हे आकडे ६ आणि ४ टक्क्यांवर आले.

आपल्याकडचं मोठं काम म्हणजे आयसीएमआरचा इंडियाब अभ्यास. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या चौदा हजारांवर माणसांची हालचाल त्यात मोजली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला : ५४.४ टक्के निष्क्रिय. हाही आकडा प्रश्नावलीचाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'जीपॅक'चा. ही प्रश्नावली करणाऱ्यांनी विचार केलेला आहे, हे मान्य करायला हवं. काम, प्रवास आणि फावला वेळ यांची चौकशी ती वेगवेगळी करते; बिनपगारी कामात घरकाम, कापणी, इतकंच काय, मासेमारीही धरते. दुसरी प्रसिद्ध प्रश्नावली 'आयपॅक'. तिच्या गुणांकनात एक नियम आहे. चालणं, मध्यम श्रम आणि जोरदार श्रम यांपैकी कोणत्याही एका प्रकाराचे दिवसाला १८० मिनिटांहून अधिक धरायचे नाहीत. अतिशयोक्ती छाटायला केलेला हा नियम आपल्या आषाढात येऊन काय करतो पाहा. वाकून आठ तास लावणी करणाऱ्या बाईचा दिवस तीन तासांचा होतो. सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस तास अठरावर येतात. वर्गवारीत ती वरच राहते, हे खरं. पण तिचे गुडघे का गेले हे त्या अठरा तासांवरून कुणाला कळणार नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र आठवड्यावर आहे. आयपॅक मागचे सात दिवस विचारते, जीपॅक 'नेहमीचा आठवडा' विचारते. मालवणच्या किनाऱ्यावर नेहमीचा आठवडा कुठला? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. तेव्हा खलाशी पडवीत बसून जाळी शिवतो आणि त्याच वाडीतली बाई तरवा काढत चिखलात उभी असते. नारळी पौर्णिमेनंतर चित्र पालटतं. खाडीत तिसऱ्या-खुबे काढायला जाणाऱ्यांचा दिवस तर ओहोटी ठरवते : उधाणाच्या दिवसांत पाणी लांब ओसरतं, काम भरपूर, भांगाला तेवढं नाही. जूनमध्ये पाहणी केली तर खलाशी आळशी, ऑक्टोबरमध्ये केली तर मेहनती. माणूस तोच.

मग यंत्रच बांधा, असं तरुण मंडळी म्हणतील. बांधा, पण त्याच्याही मर्यादा ओळखून. कमरेवरचं यंत्र पावलं छान टिपतं. पाय रोवून दोर ओढणं, चिऱ्याच्या खाणीत चिरा उचलून देणं, डोक्यावरचं वजन, यांचा भार त्याला फारसा कळत नाही. पाण्यात उतरताना तर ते बहुधा काढूनच ठेवावं लागतं. म्हणून मला प्रश्नावली टाकायची नाही, नीट विचारायची आहे.

त्यासाठी मी तीन गोष्टी मागतो. जीपॅकसोबत स्थानिक कामांची चित्रं दाखवायची सोय आहे. ती चित्रं आपण आपली करू : रापण, चिखलणी, कवळ तोडणं, माडावर चढणं, कालवं फोडणं. कुठलं काम मध्यम आणि कुठलं जोरदार, हे श्वासावरून ठरवा. काम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, ते मध्यम. चार शब्दांनंतर धाप लागते, ते जोरदार. दुसरं, हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची ही जुनी अट सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती नाही, आणि विहिरीवरच्या खेपा दहा मिनिटांच्या नसतातच. तिसरं, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच वाडीतल्या त्याच माणसांना आषाढात आणि फाल्गुनात असं दोनदा विचारावं, आणि थोड्यांना यंत्रही लावावं. सत्तरीपुढच्यांना वगळू नका. आयपॅक मुळात १५ ते ६९ वयासाठी केलेली आहे आणि मुलं मुंबईला गेलेल्या आपल्या घरांतून कामाला उभी असतात ती म्हातारी माणसंच.

आशाताईंना शेवटची विनंती. 'व्यायाम करता का' असं विचारू नका. काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत, त्यात बसून किती, हे विचारा आणि मग १५० मिनिटांच्या रकान्यात खूण करा. फॉर्मच्या कडेला त्या दिवशीची तिथी लिहून ठेवा. यंत्रांसाठी निधी मिळेल तेव्हा मिळेल. हे काम येत्या सोमवारपासून सुरू करूया.