स्विंग बघून क्लब निवडा



गोल्फमध्ये ‘क्लब’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ज्या संस्थेच्या मैदानावर आपण खेळतो तोही क्लब आणि ज्या काठीने चेंडू मारतो तोही क्लबच. आज बोलायचं आहे ते काठीबद्दल. त्यातही ‘हायब्रिड’ नावाच्या एका क्लबबद्दल. आणि ज्यांच्या स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा वेग कमी आहे, अशा महिला खेळाडूंनी तो कसा निवडावा याबद्दल.

विषय फारच बारीक वाटेल. पण थोडा हिशेब करून बघू. समजा, पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. मुलं मोठी झाली, सकाळचा वेळ मोकळा मिळू लागला, म्हणून त्यांनी गोल्फ सुरू केलं. त्यांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी पासष्ट मैलांच्या आसपास आहे. अमेरिकेच्या एलपीजीए दौऱ्यावरच्या व्यावसायिक महिलांचा हाच वेग सरासरी ९४ मैलांच्या घरात असतो. आपल्या बाईंचा पहिला फटका जाईल साधारण १४० यार्ड. भोक ३०० यार्डांवर असेल, तर उरले १६०. म्हणजे दुसरा फटकाही लांबच मारायला हवा. पार पाचच्या होलवर असे दोन फटके लागतात. नेहमीच्या अठरा होलच्या मैदानात पार चारचे दहा आणि पार पाचचे चार होल धरले, तर ड्रायव्हर चौदा वेळा निघतो. पण गवतावरून मारायचे लांब फटके अठरा होतात. ताकदवान पुरुष खेळाडू दुसऱ्या फटक्याला आखूड वेज काढतो, तिथे या बाईंना बॅगेतला लांब क्लबच काढावा लागतो.

आणि नेमका हाच क्लब सर्वांत कमी विचार करून घेतला जातो. ड्रायव्हर हौसेने नवा येतो. बाकीची बॅग बहुतेक वेळा यजमानांची किंवा मुलाची जुनी असते. कॅडी पाच नंबरचं आयर्न हातात देतो, चेंडू गवताला घासत साठ-सत्तर यार्ड जातो, आणि बाई म्हणतात, ‘माझ्या हातात ताकदच नाही.’ सहा महिन्यांनी बॅग माळ्यावर जाते. दुसऱ्याच्या मापाच्या चपला घालून चालल्यावर पाय दुखले, तर आपण ‘मला चालता येत नाही’ असं म्हणत नाही. इथे मात्र म्हणतो.

यामागचं कारण समजून घेऊ. चेंडू हवेत चढतो तो तीन गोष्टींवर: क्लबच्या मुखाचा तिरकसपणा, ज्याला लॉफ्ट म्हणतात, चेंडूचा वेग, आणि त्याला मिळणारी उलटी फिरकी. वेग कमी असला की फिरकीही कमी मिळते आणि चेंडूला हवेत तोलून धरणारा जोरही कमी पडतो. मग चेंडू वर चढायच्या आतच खाली येतो. त्यातून आजकालच्या अनेक सेटमध्ये पाच नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट २१ ते २५ अंशच असतो. जुन्या काळी तो २७-२८ अंश असे. नंबर तोच राहिला, पण क्लब अवघड झाला. हळू स्विंगच्या हातात पाच, सहा आणि सात नंबरची आयर्न जवळजवळ एकाच ठिकाणी चेंडू टाकतात. तीन क्लब वाहायचे आणि काम एकाचंच.

हायब्रिड म्हणजे आयर्न आणि वुड यांचा संकर. डोकं वुडसारखं पोकळ आणि मागे फुगीर, दांडा मात्र वुडपेक्षा आखूड, आयर्नच्या जवळ जाणारा. डोक्याचं वजन मुखापासून मागे आणि जमिनीलगत खाली ठेवलेलं असतं. त्यामुळे त्याच वेगात चेंडू जास्त उंच निघतो आणि मुखाच्या मध्यापासून थोडा बाजूला लागला, तरी फटका अगदीच वाया जात नाही. दांडा आखूड असल्याने चेंडू नीट लागण्याची शक्यताही वाढते. कल्पना तशी जुनी आहे. १९७५ साली कोब्रा कंपनीने तळाला दोन पट्ट्या असलेला ‘बॅफलर’ आणला होता. हायब्रिड घरोघरी पोचले ते मात्र या शतकाच्या सुरुवातीला.

हा क्लब कमकुवत खेळाडूंचा, असा एक समज आहे. तो काढून टाकावा. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतल्या हेझल्टाइन मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर कोरियाच्या वाय. ई. यांगने दोनशे यार्डांहून अधिक अंतरावरून हायब्रिडनेच चेंडू भोकाजवळ नेऊन ठेवला आणि टायगर वूड्सला हरवलं.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, नंबर बघू नका, लॉफ्ट बघा. पाच नंबरचा हायब्रिड एका कंपनीचा २४ अंशांचा असतो, दुसऱ्या कंपनीचा २७ अंशांचा. हळू स्विंगच्या खेळाडूने पहिला हायब्रिड २५ ते २८ अंशांच्या दरम्यान बघावा. त्यापेक्षा कमी लॉफ्टचा हायब्रिड जास्त लांब जाईल, हा हिशेब वेगवान स्विंगचा आहे. आपल्याकडे तो बहुधा आखूडच पडतो.

दुसरी गोष्ट, दोन क्लबमधलं अंतर. वेगवान खेळाडूला लॉफ्टमधला तीन-चार अंशांचा फरक पुरतो. कमी वेगात तेवढ्या फरकाने अंतर बदलत नाही. पाच-सहा अंश ठेवावे लागतात. म्हणजे २६ अंशांच्या हायब्रिडनंतर पुढचा ३१-३२ अंशांचा, आणि त्यापुढे आठ नंबरपासून आयर्न, अशी मांडणी होऊ शकते. सरावाच्या मैदानावर प्रत्येक क्लबने दहा-दहा चेंडू मारा. सर्वांत लांब गेलेला एक चेंडू विसरा, नेहमी जिथे पडतात तिथे बघा. दोन क्लबच्या चेंडूंमध्ये पाच यार्डांचाही फरक नसेल, तर त्यातला एक क्लब काढून टाका. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. चौदा भरलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही.

तिसरी गोष्ट दांड्याची, म्हणजे शाफ्टची. स्टीलचे शाफ्ट साधारण ९० ते १२५ ग्रॅम वजनाचे असतात; महिलांसाठीचे ग्रॅफाइटचे बरेचदा ४० ते ५५ ग्रॅमचे. अठराव्या होलपर्यंत हा फरक खांद्याला कळतो. लवचिकतेसाठी ‘एल’, ‘ए’, ‘आर’ अशी अक्षरं लिहिलेली असतात. पण त्यांचं सर्व कंपन्यांना बांधील असं मोजमाप नाही. एकीचा ‘एल’ दुसरीच्या ‘ए’सारखा असू शकतो. म्हणून अक्षर वाचून नव्हे, मारून बघून ठरवा.

चौथी गोष्ट लांबी आणि मूठ. महिलांचा क्लब पुरुषांच्या क्लबपेक्षा साधारण इंचभर आखूड असतो. तरी नुसत्या उंचीवर जाऊ नका. सरळ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. मूठ जाड असेल, तर बोटं घट्ट आवळावी लागतात, मनगट मोकळं फिरत नाही आणि होता तो वेगही कमी होतो. जुना क्लब चांगला असेल, तर नुसती मूठ किंवा शाफ्ट बदलूनही काम भागतं. आणि गुलाबी-जांभळा रंग म्हणजे महिलांचा क्लब, असं समजू नका.

पाचवी गोष्ट आपल्या हवामानाची. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या मैदानांवर चेंडू पडतो तिथेच थांबतो, पुढे घरंगळत नाही. तेव्हा हवेतून जितका जातो तितकाच आपला. उन्हाळ्यात जमीन कडक होते आणि फार रुंद तळाचा क्लब जमिनीवरून उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो. म्हणून मध्यम रुंदीचा, कडा गोलसर असलेला तळ आपल्याकडे बारा महिने उपयोगी पडतो.

सगळीकडे हायब्रिडच हवा, असंही नाही. सपाट, चांगल्या गवतावरून सात किंवा नऊ नंबरचं वुड चेंडू आणखी उंच नेतं आणि अलगद उतरवतं. उंच गवतातून, खोलगट जागेतून मात्र हायब्रिड सरस. ज्यांचा वेग फार कमी आहे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून मारून बघावेत. आणि हायब्रिड मारताना चेंडू वर उचलायचा प्रयत्न करू नये. तो आयर्नसारखा, किंचित खाली जाणारा फटका मागतो. वर नेण्याचं काम लॉफ्टचं आहे, ते त्याला करू द्यावं.

दुकानात यंत्रावर आकडे दाखवतात. त्यात एकूण अंतरापेक्षा चेंडू हवेतून किती गेला आणि किती उभा उतरला, हे विचारा. सपाट उतरलेला चेंडू हिरवळीवर थांबत नाही. पलीकडे निघून जातो. शक्य असेल, तर क्लब एक दिवस मैदानावर नेऊन मगच पैसे द्या.

बेंगळूरूची अदिती अशोक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. ड्राइव्हच्या लांबीत ती बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती. इतर जणी आयर्न काढत, तिथे तिला अनेकदा हायब्रिड किंवा वुड काढावं लागे. तिचा वेग आपल्या बाईंपेक्षा खूपच जास्त, हे खरं. पण आपल्याजवळ असलेल्या वेगाला साजेसा क्लब हाती घ्यायचा आणि दुसरीच्या नंबरशी बरोबरी करत बसायचं नाही, ही रीत तिच्याकडून कुणालाही घेता येईल.

वय वाढतं, तसा वेग थोडा कमी होणारच. व्यायामाने तो काहीसा राखता येतो. पण खेळातला आनंद त्या वेगावर टांगून ठेवायचं कारण नाही. पुढच्या वेळी कॅडीने पाच नंबरचं आयर्न पुढे केलं, तर मैत्रिणींनो, हसून ‘नको’ म्हणा आणि आपल्या मापाचा क्लब मागून घ्या.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)