पहिले पुस्तक
(दिवेआगर येथील भाषण)

ह्याच दिवेआगरात शके ९८२ चा मराठी ताम्रपट सापडला. लिहिणे गावाला नवे नाही. वाडी शिंपणाराने पुस्तक लिहावे, हे मात्र लोकांना अजून नवल वाटते.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले. त्यांच्या हयातीत ते छापून निघालेच नाही. म्हणून काय त्यांनी लेखणी टाकली? १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा छापून काढलाच ना! सावित्रीबाईंचे 'काव्यफुले' तर १८५४ चेच.

आम्हीही पोफळीच्या वाडीवर वही लिहिली. एका छापखान्याने भाषा गावंढळ म्हणून परत केली. भाषा बदलणार नाही. रोठा, रहाट, शिंपणे तसेच राहतील. कागदाचा खर्च आगाऊ वर्गणीने निघेल. नावे आजच द्या.